प्रश्न तुमचे : रिजेक्शन, सीपीके आणि परत येणाऱ्या फाइली

गुणवत्ता सुधारण्याच्या पद्धतींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथं उत्तरं दिली आहेत. कारखान्यांची आणि संस्थांची नावं गाळली आहेत, आकडे ठेवले आहेत.

प्रश्न : आमची शिरोलीला ग्रे आयर्नची फाउंड्री आहे. रिजेक्शन आठ-नऊ टक्क्यांवर अडकलंय. महिन्याच्या मीटिंगमध्ये मोल्डिंगवाले भट्टीकडे बोट दाखवतात, भट्टीवाले वाळूकडे. सल्लागारानं माशाच्या काट्याची आकृती काढून दिली, तीत चाळीस कारणं आहेत. आता पुढे काय?

ती आकृती तूर्त कपाटात ठेवा. चुकीची नाही, पण तिची पाळी अजून आलेली नाही. 'आठ-नऊ टक्के' ही वेगवेगळ्या पाच-सहा दोषांची बेरीज आहे आणि बेरजेचं कारण शोधता येत नाही.

आधी हे ठरवा की टक्केवारी नगांची आहे की वजनाची. दोन किलोचं ब्रॅकेट आणि साठ किलोचं हाउसिंग एकाच हिशेबात घातलं, की नगांचा आकडा ब्रॅकेट ठरवतं आणि नुकसान हाउसिंग करतं. मग मोजणी कुठली, ते बघा. फेटलिंगनंतरची (कास्टिंग घासून साफ केल्यानंतरची), की मशिनशॉपमधून परत आलेले नग धरून? परत येणारे नग दोन-तीन आठवड्यांनी येतात आणि बहुतेक ठिकाणी ते आल्या महिन्यात चढवले जातात. म्हणजे जूनचा दोष जुलैच्या नावावर, आणि जुलैच्या मीटिंगमध्ये जुलैच्या वाळूवर चर्चा. प्रत्येक कास्टिंगवर तारीख आणि पाळी उठली पाहिजे, त्यासाठी पॅटर्नवर बदलता येणारे आकडे बसवा, आणि परत आलेला नग ओतल्या तारखेला मांडा. एवढं केल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे.

यानंतर दोषांची नावं पक्की करा. ब्लो होल (वायूचं भोक), पिन होल (बारीक छिद्र), वाळू अडकणं, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), कोल्ड शट (थंड पडलेला धातू नीट न जुळणं), मिसमॅच (साच्याचे दोन अर्धे सरकणं) : प्रत्येकाचा एक खरा तुकडा कापून फळीवर लावा. वीस खराब नग दोन तपासनिसांना वेगवेगळे दाखवा, दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा दाखवा. एकाच भोकाला एक जण 'ब्लो' आणि दुसरा 'सँड' म्हणत असेल, तर आजवरच्या रजिस्टरला फारसा अर्थ नाही. हा प्रयोग करून बघाच. निकाल क्वचितच चांगला येतो.

आता चार आठवडे नोंद. पॅटर्न, पाळी, कॅव्हिटी (साच्यातला कितवा खळगा), आणि लेडलमधून (धातू ओतायच्या भांड्यातून) साच्याचा बॉक्स कितवा ओतला, एवढे रकाने पुरेत. शिवाय सर्वांत जास्त खराब होणाऱ्या दोन पॅटर्नची बाह्याकृती कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक दोषाच्या जागी फुली मारा. पन्नास-साठ फुल्या झाल्या की कागद बोलायला लागतो. फुल्या वरच्या बाजूला, म्हणजे कोपला, गोळा झाल्या तर वायू किंवा स्लॅग. कोअरच्या (कास्टिंगची आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या) भोवती असतील तर कोअरमधून निघणारा वायू. शेवटच्या बॉक्समध्येच कोल्ड शट येत असेल तर धातू थंड पडतोय, आणि मग वाळूवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

या काळात रोजच्या आकड्यावर आरडाओरडा थांबवा. समजा रोज ५०० कास्टिंग तपासली जातात आणि सरासरी रिजेक्शन ८ टक्के आहे. ०.०८ गुणिले ०.९२ भागिले ५०० याचं वर्गमूळ सुमारे ०.०१२ येतं, त्याची तिप्पट ३.६ टक्के. म्हणजे कारखान्यात काहीही न बदलता रोजचा आकडा साडेचार ते साडेअकराच्या मध्ये कुठेही हिंदकळू शकतो. सोमवारी १०, मंगळवारी ६ यावरून सोमवारच्या सुपरवायझरला झापणं आणि मंगळवारच्याची पाठ थोपटणं, दोन्ही फुकट. १२ आला तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला जाऊन बघा.

सर्वांत मोठा दोष, त्याचा पॅटर्न आणि त्याची जागा हाती आली, की माशाचा काटा कपाटातून काढा. आता तो 'रिजेक्शन का होतं' यासाठी काढायचा नाही. 'या हाउसिंगच्या कोअरलगत, वरच्या अंगाला ब्लो होल का' यासाठी काढायचा. चाळीस कारणांची सात-आठ उरतील. त्यांतली मतदानानं निवडू नका, कारण मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण निवडून येतं. प्रत्येक कारण तपासून पाहायचं. कोअर ओलसर असल्याचा संशय असेल तर एकाच पाळीत ६० बॉक्स पुन्हा वाळवलेल्या कोअरचे आणि ६० नेहमीचे, आलटूनपालटून ओता आणि खूण करून ठेवा. एकीकडे १० खराब आणि दुसरीकडे १ निघाला तर कारण सापडलं. ४ आणि ३ निघाले तर काही सिद्ध झालेलं नाही. 'थोडा फरक पडला' असं मिनिट्समध्ये लिहू नका.

पावसाळ्यात ब्लो होल वाढत असतील तर कोअर साठवण्याची जागा आणि कोअरला लावलेला वॉश (लेप) नीट सुकतो का, ही दोन ठिकाणं आधी. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गरम परतीची वाळू. ५० अंशांच्या वर वाळू मिक्सरमध्ये गेली की पाणी उडतं, ऑपरेटर अंदाजानं जास्त पाणी घालतो, साच्याचा पृष्ठभाग तरीही कोरडा पडून झडतो. ओलावा ३ ते ४ टक्के 'बरोबर' दाखवतो आणि वाळू मात्र बिघडलेली असते. म्हणून नुसता ओलावा मोजू नका, कंपॅक्टिबिलिटीही (दाबल्यावर वाळू किती बसते ते) बघा. ती काही मिनिटांत मोजून होते. मशिनिंगला कडा कडक लागून इन्सर्ट (कापणारी पाती) तुटत असतील तर इनॉक्युलेशनकडे (वितळलेल्या धातूत ओतण्याआधी टाकायच्या मिश्रणाकडे) वळा. त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरत जातो, त्यामुळे लेडलमधले शेवटचे बॉक्स वेगळे मोजा.

कारण सापडून उपाय लागू झाला, की कंट्रोल प्लॅनमध्ये एक ओळ वाढते : काय मोजायचं, कोणी, दर किती वेळानं, आणि मर्यादा ओलांडली तर काय. हा शेवटचा रकाना निम्म्या फाउंड्रीत रिकामा असतो. 'कंपॅक्टिबिलिटी मर्यादेबाहेर गेली तर मोल्डिंग थांबवायचं, आणि ते थांबवण्याचा अधिकार वाळूच्या लॅबमधल्या मुलाला आहे' हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो आकडा वहीत लिहील आणि वाळू पुढे जाईल.

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी टर्निंगचं छोटं युनिट आहे. ग्राहक २५.००० ± ०.०२० मिमी बाह्य व्यासासाठी सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती सैल बसते त्याचा आकडा) १.३३ मागतो. आमचा कधी १.६ येतो, कधी ०.९. सेटर म्हणतो मशिन जुनं झालंय. नवीन घ्यावं का?

कर्जाचा अर्ज भरण्याआधी मायक्रोमीटर बघा. टॉलरन्सची पूर्ण रुंदी ०.०४० मिमी आहे. मापाचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) तिच्या दहाव्या भागाइतकं तरी बारीक हवं, म्हणजे ०.००४ किंवा त्याहून कमी. ०.०१ चा मायक्रोमीटर इथं चालत नाही, ०.००१ चा लागतो. मग गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक पडतो याची चाचणी) करा : १० जॉब, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, जॉबवरचा नंबर मोजणाऱ्याला न दाखवता. एकूण मापनदोष १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये ग्राहकाशी बोलून, ३० च्या वर असेल तर आधी माप दुरुस्त. मोजताना जॉब गार हवा. २५ मिमीचा पोलादी जॉब २० अंशांनी गरम असला तर जवळपास ६ मायक्रॉन (०.००६ मिमी) मोठा भरतो, आणि तुमच्याकडे एका बाजूला आहेतच २०.

कधी १.६, कधी ०.९ याचं उत्तर बहुधा नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे. सेटिंग झाल्याबरोबर सलग ३० जॉब काढून मोजले की इन्सर्ट नवा, मशिन तापलेलं, बार एकच. आकडा सुंदर येणारच. तो मशिनचा क्षणिक फोटो आहे, प्रक्रियेचा नाही. २५ गट घ्या, प्रत्येकी सलग ५ जॉब, दर तासाला एक गट. त्यात इन्सर्ट बदलणं, जेवणाची सुट्टी, नवा बार, पाळी बदलणं हे सगळं येऊ द्या.

समजा सरासरी रेंज (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातला फरक) ०.०१४० मिमी आली आणि सर्व गटांची सरासरी २५.००४. पाचच्या गटासाठी तक्त्यातला गुणांक डी-टू २.३२६, म्हणून सिग्मा (मापं सरासरीभोवती किती पसरतात ते) ०.०१४० ÷ २.३२६ = ०.००६०. सीपी = ०.०४० ÷ (६ × ०.००६०) = १.११. सीपीकेसाठी जवळची बाजू घ्यायची : २५.०२० मधून २५.००४ वजा केले, ०.०१६, भागिले ३ × ०.००६०, म्हणजे ०.८९. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ०.८९ पासून १.११ पर्यंतचा प्रवास फक्त ऑफसेट (मशिनमधली मापाची दुरुस्ती) ४ मायक्रॉन खाली घेतला की होतो, खर्च शून्य. १.११ पासून १.३३ साठी सिग्मा ०.००५० वर, म्हणजे सरासरी रेंज सुमारे ०.०११६ वर आणावी लागेल; खरं काम तिथं आहे. आपल्याकडे पहिली पायरी सोडून थेट नव्या मशिनचं कोटेशन मागवतात.

कंट्रोल चार्टच्या (गटांची मापं वेळेनुसार मांडलेल्या आलेखाच्या) मर्यादा याच आकड्यांतून आणि तक्त्यातल्या गुणांकांतून निघतात. सरासरीसाठी २५.००४ ± ०.५७७ × ०.०१४०, म्हणजे २४.९९६ ते २५.०१२. रेंजची वरची मर्यादा २.११४ × ०.०१४० = ०.०२९६, खालची शून्य. चार्टवर ड्रॉइंगची टॉलरन्स काढू नका. चार्टवर गटांच्या सरासऱ्या असतात, टॉलरन्स एकेका जॉबसाठी असते. दोन्ही रेषा एकत्र आल्या की ऑपरेटर टॉलरन्सच्याच रेषेकडे बघतो आणि चार्टचा उपयोग संपतो.

रेंज वाढण्याचं आम्हाला सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे ऑपरेटरची अतिकाळजी. जॉब ५ मायक्रॉन मोठा आला की ऑफसेट ५ नं खाली, पुढचा ४ लहान आला की ४ नं वर. जो फरक आपोआप होणारच होता त्याच्यामागे ऑफसेट पळवला की सिग्मा कमी होत नाही, सुमारे १.४१ पट होतो. नियम असा करा : गटाची सरासरी कंट्रोल मर्यादेबाहेर गेली, किंवा सलग सात-आठ गट मध्यरेषेच्या एकाच बाजूला राहिले, तरच ऑफसेटला हात लावायचा. इन्सर्ट झिजताना बाह्य व्यास हळूहळू वाढत जातो, चार्टवर तो चढ स्पष्ट दिसतो. किती जॉबनंतर इन्सर्ट फिरवायचा हे त्याच चढावरून ठरवा, सेटरच्या कानावरून नको. सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास व्यास सरकत असेल तर स्पिंडल गरम करण्याचा छोटा प्रोग्राम चालवून मगच उत्पादन घ्या. हे सगळं करूनही रेंज हलली नाही, तर चक जॉ, टेलस्टॉकचा दाब, बेअरिंग या क्रमानं जा. मशिन जुनं आहे हा निष्कर्ष त्यानंतर काढला तर पटेल.

प्रश्न : चाकणच्या एका मोठ्या ग्राहकाला आम्ही वेल्डेड ब्रॅकेट देतो. एकदा एका ब्रॅकेटला चारऐवजी तीनच वेल्ड नट गेले. 'ऑपरेटरला समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिलं' असं आठ-डी रिपोर्टमध्ये (तक्रार निवारणाच्या आठ पायऱ्यांच्या अहवालात) लिहिलं तर रिपोर्ट तीनदा परत आला. त्यांना नक्की काय हवंय?

त्यांना हवंय ते तुम्हालाही हवं असायला पाहिजे. उद्या त्याच जागी दुसरा, कालच कामाला लागलेला मुलगा उभा राहिला तर तीन नटांचा ब्रॅकेट निघेल का? निघणार असेल तर कारण ऑपरेटर नव्हता.

'का?' ही साखळी दोनदा चालवावी लागते : दोष घडला का, आणि दोष आपल्या दारातून बाहेर सुटला का. घडला, कारण नट ठेवायचा राहिला. राहू शकला, कारण नट नसतानाही मशिनचा स्ट्रोक पूर्ण होतो. पूर्ण होतो, कारण वरचा इलेक्ट्रोड किती खाली आला हे मशिन बघतच नाही. इथं थांबा, इथं हात घालता येतो. नट नसेल तर इलेक्ट्रोड नटाच्या उंचीइतका जास्त खाली जातो, तो फरक पकडून करंट अडवणारा सेन्सर बसवता येतो. सुटला, कारण शेवटी तपासणारा डोळ्यांनी मोजतो, आणि दिवसाला हजार ब्रॅकेट बघणारा डोळा शंभर टक्के तपासणी करत नाही, कागदावर तसं लिहिलेलं असलं तरी. पॅकिंगच्या आधी चार स्प्रिंग पिनांचं फिक्स्चर ठेवा. चारही पिना नटांनी दाबल्या गेल्या तरच क्लॅम्प सुटेल. पाच वेळा 'का' विचारलंच पाहिजे असं नाही. तीनमध्ये उत्तर आलं तर तीन, सात लागले तर सात. साखळी खालून वर 'म्हणून' जोडत वाचून बघा. जिथं अडखळता ती कडी कच्ची.

तात्पुरत्या उपायात बहुतेक जण फक्त आपलं गोदाम तपासतात. माल पाच ठिकाणी असतो : ग्राहकाची लाइन, त्याचं स्टोअर, वाटेतली गाडी, आपलं तयार मालाचं गोदाम आणि वेल्डिंगजवळचा क्रेट. पाचही ठिकाणचे आकडे द्या, किती तपासले आणि किती सापडले, आणि कुठल्या बॅचपासून माल स्वच्छ आहे ते सांगा. उपाय चालतो याचा पुरावा म्हणजे मुद्दाम नट न ठेवता मशिन चालवून ते थांबतं हे दाखवणं. तोच प्रयोग दर पाळीच्या सुरुवातीला लाल रंगवलेल्या, नट नसलेल्या नमुन्यावर करा, कारण सेन्सरची वायर तुटली तरी मशिन चालूच राहतं हे महिन्याभरानं कळतं. आणि पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन बदलायला विसरू नका. त्याच शॉपमध्ये वेल्ड नटाचे दुसरे ब्रॅकेट असतील तर तेही त्यात आलेच.

प्रश्न : संगमनेरजवळच्या एका पतसंस्थेत मी शाखा व्यवस्थापक आहे. तारण कर्जाचा अर्ज मंजूर व्हायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, सभासद वैतागतात. या पद्धती कारखान्यासाठीच असतात ना?

नाही. उलट कार्यालयात कामापेक्षा वाट पाहणंच जास्त असतं, म्हणून फायदा लवकर दिसतो.

मागच्या तीस मंजूर फाइली घ्या. प्रत्येकीवर टेबलानुसार दोन वेळा लिहा : फाइल आली कधी, गेली कधी. प्रत्यक्ष काम किती मिनिटांचं ते वेगळं विचारा. तीन आठवड्यांच्या फाइलीवर झालेलं काम चार-पाच तासांचं भरलं तर चकित होऊ नका. बाकी काळ ती ट्रेमध्ये होती. कर्मचाऱ्यांना 'हात जरा भरभर चालवा' म्हणण्यात काही हशील नाही हे या एका तक्त्यावरून कळतं.

एक साधं गणित कायम हाताशी ठेवा. हातात असलेल्या फाइली भागिले रोज निकाली निघणाऱ्या फाइली, म्हणजे लागणारे दिवस. ९० फाइली पडून आहेत आणि रोज ६ निघतात, तर आज आलेल्या सभासदाला कामाचे १५ दिवस लागणार. साहेबांनी फोन केला तरी त्याची एक फाइल पुढे जाईल आणि दुसऱ्या कोणाची मागे. दुसरं, कर्ज उपसमिती पंधरा दिवसांनी एकदा बसत असेल, तर अर्ज रोज सारखे येत असताना प्रत्येक फाइल सरासरी साडेसात दिवस केवळ बैठकीची वाट बघते. आठवड्याला बैठक केली की हे साडेतीनवर येतं. उपविधींत बसत असेल तर ठरावीक रकमेपर्यंतचे अधिकार शाखेला देण्याचा ठराव करून घ्या.

त्रुटी काढून परत गेलेल्या फाइली वेगळ्या मोजा. पहिल्याच फेरीत किती अर्ज पूर्ण होते? कमी काय होतं : मालमत्तेचा ताजा उतारा, सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, जामीनदाराचं पगारपत्रक, सही? दोन-तीन गोष्टीच बहुतेक परतीचं कारण निघतात. त्या अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवरच तपासायच्या, आणि अपूर्ण अर्ज आवक नोंदीत घ्यायचाच नाही. सभासदाला वाईट वाटेल म्हणून घेऊन ठेवलेला अपूर्ण अर्ज त्याला पुढे तीन खेपा घालायला लावतो. एक सावधगिरी : 'सरासरी दिवस' एवढाच आकडा संचालकांपुढे ठेवू नका. दहा अर्ज पाच दिवसांत आणि दोन पन्नास दिवसांत गेले तर सरासरी साडेबारा येते, पण ओरडणारे ते दोघेच असतात. 'दहापैकी नऊ अर्ज किती दिवसांत' असं मोजा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅमच्या पाकिटात विकतो, रोज साधारण ५०० पाकिटं. कमी भरू नये म्हणून थोडा जास्तच घालतो. यात सुधारण्यासारखं काही आहे का?

भरपूर. तीस पाकिटं वजन करून आकडे लिहून काढा. चमच्यानं अंदाजे भरलेल्या पाकिटांची सरासरी समजा २०६ ग्रॅम आणि सिग्मा ३ ग्रॅम निघाला. सहा ग्रॅम तुम्ही 'जास्त' घालता ते भरण्यातल्या अनिश्चिततेपोटी. चमच्यानं १९० पर्यंत भरून उरलेला मसाला काट्यावर ठेवूनच घातला, तर सिग्मा १ ग्रॅमवर येऊ शकतो आणि लक्ष्य २०२ वर आणता येतं. पाकिटामागे ४ ग्रॅम, ५०० पाकिटांचे २ किलो रोज. मसाल्याचा खर्च किलोला ४०० रुपये धरला तर दिवसाचे ८००.

कायद्याचं म्हणाल तर २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत २०० ग्रॅमला एकेका पाकिटासाठी ९ ग्रॅमची चूक चालते, पण सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. म्हणून ९ ग्रॅम ही मोकळीक समजून लक्ष्य खाली ओढू नका. वीस रिकाम्या पाऊचचं वजन करा. नवीन गठ्ठा आला आणि पाऊच अर्धा-पाऊण ग्रॅम जड निघाले, तर तेवढा मसाला कमी जातो आणि कोणाला कळत नाही. काट्यावर सकाळी आणि दुपारी २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून बघा, काट्याखालची फळी पंख्याच्या वाऱ्यात नको. दर अर्ध्या तासाला ५ पाकिटांची सरासरी एका कागदावर टिंबानं मांडली की भरणाऱ्या ताईंना स्वतःलाच दिसतं, कधी सरकतंय.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत दोन वर्षं काम करतोय. सिक्स सिग्मा (आकडेवारीतून दोष कमी करण्याची पद्धत) ग्रीन बेल्ट करू की थेट ब्लॅक बेल्ट? आणि ते ३.४ नक्की काय?

दहा लाख संधींमागे ३.४ दोष. १९८६ च्या सुमारास मोटोरोलात ही पद्धत बांधली गेली, तेव्हा प्रक्रियेची सरासरी कालांतरानं दीड सिग्मा सरकते असं गृहीत धरलं, त्यातून हा आकडा आला. सरासरी अजिबात न सरकता दोन्ही बाजूंना सहा सिग्मा असतील तर दोष अब्जाला दोन. त्यामुळे मुलाखतीत 'सहा सिग्मा म्हणजे ३.४' एवढंच पाठ म्हणू नका, दीडचं गृहीतक सांगा.

बेल्ट देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. दोन दिवसांत ऑनलाइन ब्लॅक बेल्ट मिळतो तसा पूर्ण केलेल्या प्रकल्पाचा पुरावा मागणारा अभ्यासक्रमही असतो. दुसऱ्या प्रकारातलाच घ्या. आपल्याकडे भारतीय सांख्यिकी संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, आणि या विषयात त्या संस्थेची परंपरा जुनी आहे. १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडणारे वॉल्टर श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये याच संस्थेच्या पुढाकारानं भारतात येऊन गेले होते, म्हणजे अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या जपानमधल्या १९५० च्या गाजलेल्या व्याख्यानांच्याही आधी. दोन वर्षांच्या अनुभवावर ग्रीन बेल्ट पुरे. त्या आधी स्वतःच्या लाइनवर एक दोष निवडून वर शिरोलीच्या उत्तरात लिहिलंय तसं शेवटपर्यंत न्या; अभ्यासक्रमातलं सॉफ्टवेअर नंतर सोपं जातं.

प्रश्न : आयएसओ ९००१ साठी सल्लागारानं अकरा फाइली करून दिल्या. ऑडिटच्या आधी आठवडाभर आम्ही त्या भरत बसतो. यातून सुटका आहे?

२०१५ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिका सक्तीची नाही, 'मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह' नेमण्याचीही सक्ती उरलेली नाही. अकरा फाइलींपैकी प्रत्येक फॉर्म घेऊन विचारा : हा कोण वाचतो आणि वाचून काय ठरवतो? कोणीच नाही, तर कुठल्या कलमाला तो लागतो ते सल्लागाराकडून लेखी घ्या. बरेच फॉर्म तिथंच गळतील. ऑडिटच्या आठवड्यात मागच्या तारखा घालून भरलेली नोंद मात्र कुठल्याही फाइलीत नको. मुरलेल्या ऑडिटरला सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनानं लिहिलेल्या लगेच ओळखू येतात.

तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उत्पादक असाल तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राकडे बघा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. २०२२ च्या योजनेत प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान ठेवलं होतं. अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर अटी वाचून घ्या.

प्रश्न : फाइव्ह-एस (कामाची जागा आवरून नेटकी ठेवण्याची पद्धत) राबवलं, पिवळे पट्टे मारले, तीन महिन्यांत सगळं जैसे थे. काय चुकलं?

पट्टे आधी मारले, हे चुकलं. आधी नको असलेलं बाहेर काढायचं असतं. लाल चिठ्ठी लावा, तीवर तारीख आणि चिठ्ठी लावणाऱ्याचं नाव, एका कोपऱ्यात ३० दिवस ठेवा, कोणी मागितलं नाही तर भंगार. जुने फिक्स्चर आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले डाय याच पायरीला अडतात. त्यांवर मालकाची सही लागते, सुपरवायझर हात लावत नाही. उरलेल्या वस्तूंची जागा वापरानुसार ठरवा : दर जॉबला लागणारी वस्तू हाताच्या अंतरावर, पाळीत एकदा लागणारी मशिनजवळच्या रॅकवर, महिन्यातून एकदा लागणारी स्टोअरमध्ये. पट्टे यानंतर. आणि आठवड्याची फेरी मालकानं स्वतः, ठरलेल्या वारी, एकाच विभागात वीस मिनिटं मारायची. पूर्ण कारखान्याची दोन तासांची फेरी ठरवली की ती दुसऱ्या महिन्यात बंद पडते.